आचार्य धर्मानंद कोसंबी

साखवाळ हे नाव वेलिंग व केरी येथील महाजनांस नवे नाही; तेथील दैवते साखवाळीहूनच अंत्रुजात आली. त्या गावी ९ ऑक्टोबर १८७६ रोजी धर्मानंद दामोदर कोसंबी जन्मले. शालेय शिक्षण बेताचेच झाले व तारुण्य माडांच्या बागायतीची देखरेख करण्यात जाऊ लागले. स्वभाव मात्र असा, की एकदा मनाने घेतले म्हणजे माघार नाही.

'बाळबोध मेवा' मासिकातील बुद्धचरित्र वाचून बुद्धाचा धर्म मुळातून जाणण्याची तळमळ लागली. १८९९ च्या अखेरीस, पत्नी व तान्ही मुलगी मागे ठेवून, ते निघाले. काशीस अन्नछत्रात जेवून संस्कृत, सिलोनच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी पाली असे त्यांचे अध्ययन झाले. घरी राहिलेल्यांनी ती वर्षे कशी काढली असतील, हा विचार चरित्रलेखकाने झाकून ठेवू नये.

पुढे कलकत्ता विद्यापीठात अध्यापनाची जागा मिळाली. तीही त्यांनी सोडली. कारण महाराष्ट्रात राहून वर्षाकाठी एक ग्रंथ लिहावा, या अटीवर सयाजीराव गायकवाडांनी दरमहा ५० रुपये देऊ केले होते. ही रक्कम कलकत्त्याच्या वेतनाहून पुष्कळच कमी. पगारपत्रके लिहिण्यात हयात घालविलेल्या माझ्यासारख्यास हा हिशेब अद्याप उलगडलेला नाही.

१९१० साली ते अमेरिकेत हार्वर्डला गेले. वॉरन यांनी अपुरे ठेवलेले 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाचे संपादन त्यांच्याकडे आले. काम त्यांनी कसोशीने केले. परंतु संपादनाचे श्रेय कोणाच्या नावे जावे, यावरून प्रा. लॅनमन यांच्याशी बिनसले. लॅनमन यांस दिवंगत मित्राचे नाव राखावयाचे होते, कोसंबींस आपल्या श्रमांचा मान हवा होता. १९१२ मध्ये ते परतले व फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले. त्याच ग्रंथासाठी पुढे पुन्हा हार्वर्डला जाणे झाले, तरी तिढा सुटला नाही. थोडे नमते घेते, तर ग्रंथ इतका रखडला नसता असे मला वाटते. पण नमते घेणारा मनुष्य साखवाळीहून सिलोनला पोहोचलाच नसता. १९४० साली त्यांनी मुंबईच्या भारतीय विद्या भवनातर्फे ग्रंथाची देवनागरी आवृत्ती स्वतंत्रपणे काढली.

१९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी कारावास भोगला. देह थकल्यावर अन्नत्यागाने तो ठेवण्याचे ठरविले. गांधीजींच्या आग्रहाखातर एकदा उपोषण सोडले खरे, परंतु निश्चय सोडला नाही. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे ते निवर्तले.

हार्वर्डचे 'विसुद्धिमग्ग' १९५० साली प्रसिद्ध झाले. त्यावर वॉरन व कोसंबी अशी दोन्ही नावे आहेत.