मिरजेचे वानलेस डॉक्टर: दृष्टी दिली, डॉक्टरही घडवले

सर विल्यम वानलेस १८६५ साली कॅनडात जन्मले. १८८९ मध्ये ते मिशनचे डॉक्टर म्हणून भारतात आले. १८९४ साली त्यांनी मिरजेत दवाखाना सुरू केला. त्या काळी मोतीबिंदू झाला की म्हातारी माणसं नशिबाला दोष देत घरात चाचपडत बसायची. वानलेस यांनी अशा हजारो डोळ्यांची ऑपरेशनं केली. लांबलांबून लोक मिरजेला यायचे. पण एका डॉक्टरचे हात पुरणार नाहीत, हे त्यांनी ओळखलं. म्हणून १८९७ साली तिथंच वैद्यकीय शाळा काढली आणि इथल्याच पोरांना डॉक्टरकी शिकवली. १९३३ मध्ये ते वारले. सांगली-मिरजेजवळची वानलेसवाडी आजही त्यांचं नाव सांगते.

पेठ, सुरगाण्याच्या पाड्यावरही आजी-आजोबांना अंधूक दिसत असेल, तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका. सरकारी दवाखान्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन मोफत होतं.