अल्झायमर आणि वयाची रेषा

अल्झायमर म्हटले की डोळ्यांसमोर सत्तरी-ऐंशीतले आजी-आजोबा येतात. मात्र ज्या रुग्णामुळे हा आजार ओळखला गेला, ती स्त्री अवघी ५१ वर्षांची होती.

डॉ. ॲलॉइस अल्झायमर यांचा जन्म १४ जून १८६४ रोजी जर्मनीतील मार्क्टब्राइट या गावी झाला. १८८७ मध्ये वैद्यकीय पदवी मिळवून पुढच्या वर्षी ते फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात रुजू झाले. रुग्णांना बांधून ठेवणे तिथे शक्यतो टाळले जाई. अल्झायमर वॉर्डात रुग्ण तपासत आणि सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूचे छेदही पाहत.

१९०१ च्या सुरुवातीला त्यांच्या पत्नीचे निधन झाले. तीन लहान मुले मागे होती. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला ऑगस्टे डेटर ही रुग्ण दाखल झाली. तिला नवऱ्यावर अकारण संशय येई, घरातल्या वस्तू ती लपवून ठेवी, विसरभोळेपणा वाढत चालला होता. अल्झायमर यांनी पेन, किल्ली अशा वस्तू दाखवल्या, तेव्हा तिने नावे बरोबर सांगितली. थोड्या वेळाने काय दाखवले होते, हे तिला आठवेना.

पुढे अल्झायमर म्युनिकला डॉ. एमिल क्रेपेलिन यांच्याकडे गेले. एप्रिल १९०६ मध्ये ऑगस्टेचा मृत्यू झाला आणि तिचा मेंदू तपासणीसाठी त्यांच्याकडे आला. चेतापेशींच्या आत तंतूंचे गुंते होते आणि पेशींबाहेर एका वेगळ्याच पदार्थाचे साठे दिसले. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगेनच्या परिषदेत त्यांनी हे मांडले. सभागृहातून एकही प्रश्न आला नाही.

१९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमर यांचे नाव दिले. तो म्हातारपणातल्या स्मृतिभ्रंशाहून वेगळा आहे, याबद्दल खुद्द अल्झायमर साशंक होते. १९ डिसेंबर १९१५ रोजी, वयाच्या ५१ व्या वर्षी, ब्रेस्लाऊ येथे त्यांचे निधन झाले.

त्यानंतर अनेक दशके हे निदान साठी-पासष्टीच्या आतल्या रुग्णांपुरतेच राहिले. तीच लक्षणे वृद्धांत दिसली की म्हातारचळ म्हणून सोडून दिली जात. १९६० च्या दशकात इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे वृद्धांच्या मेंदूंचा अभ्यास झाला, तेव्हा तेच गुंते आणि तेच साठे आढळले. आजार एकच होता. वयाची रेषा माणसांनी ओढलेली होती.

ही रेषा आता सेवांमध्ये आडवी येते. वृद्धांसाठीची मानसिक आरोग्य सेवा ब्रिटनमध्ये बराच काळ ६५ वर्षांपासून गणली गेली. भारतात कायद्याने ६० व्या वर्षी माणूस ज्येष्ठ नागरिक ठरतो. दोन्हीकडे ऑगस्टे रेषेबाहेरच राहिली असती. पण वय अजिबात पाहायचे नाही, असे ठरवले तरी नुकसानच. ७८ वर्षांच्या नैराश्यग्रस्त माणसाला हृदयविकार असतो, ऐकू कमी येते, अनेक गोळ्या एकत्र चालू असतात. तरुणांसाठीच्या बाह्यरुग्ण विभागात या सगळ्याकडे लक्ष जाईलच असे नाही.

म्हणून सेवेचे दार गरजेवर उघडावे: स्मृतिभ्रंशाचा रुग्ण कोणत्याही वयाचा असो, आणि उतारवयात मानसिक आजारासोबत शरीरही थकलेला प्रत्येक जण. पन्नाशीत विसरभोळेपणा रोजच्या कामात अडथळा आणू लागला, तर तो निव्वळ ताण समजू नये. ऐंशीत आला, तर वयाच्या खात्यावर टाकू नये. दोघांचीही तपासणी व्हायला हवी. थायरॉइडची कमतरता, बी-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, नैराश्य यांवर उपचार आहेत.