मुलुंडच्या बागेला ज्यांचं नाव आहे, त्या सी. डी. देशमुखांनी एका रात्रीत आयुर्विम्याचा धंदा सरकारी केला

पॉलिसी काढायची असते तेव्हा एजंट घरी येतो, चहा घेतो, मुलांच्या शाळेची चौकशी करतो. क्लेमची वेळ येते तेव्हा मात्र आपल्याला जावं लागतं आणि तेही दहा वेळा. फॉर्म भरताना शुगर का सांगितली नव्हती? नॉमिनीच्या नावाचं स्पेलिंग आधार कार्डाशी का जुळत नाही? ओरिजिनल बिल कुठंय? अंधेरी असो, घाटकोपर असो की बोरिवली, कुठल्याही सोसायटीत विचारा, असा एखादा किस्सा सापडतोच.

पण सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी लोकांची भीती याहून मोठी होती. क्लेम घेऊन जायचं तर कंपनी जागेवर असेल का, इथपासूनच सुरुवात होती.

ती भीती ज्या माणसाने संपवली, त्यांच्या नावाची बाग मुलुंड पूर्वेला आहे. ठाण्यात स्पर्धा परीक्षांची तयारी करून घेणारी महापालिकेची संस्थाही त्यांच्याच नावाने आहे. नाव चिंतामण द्वारकानाथ देशमुख. दिल्लीत ते सी. डी. देशमुख म्हणून ओळखले गेले, महाराष्ट्रात चिंतामणराव.

जन्म १४ जानेवारी १८९६ चा, रायगड किल्ल्याजवळच्या नाते गावचा. वडील रोह्याला वकिली करायचे. पोरगं प्रचंड हुशार. १९१२ साली मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही मिळवली. हे यश इतकं गाजलं की राम गणेश गडकरींनी त्यांच्यावर कविता केली.

पुढे केंब्रिजला गेले, वनस्पतीशास्त्रात बक्षीस मिळवलं आणि १९१८ मध्ये आयसीएसच्या परीक्षेत पहिला नंबर काढला. मग मध्य प्रांत आणि वऱ्हाडात वीसेक वर्षं नोकरी झाली.

१९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले आणि १९४३ मध्ये गव्हर्नर झाले. या खुर्चीवर बसलेले ते पहिले भारतीय. १९४४ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक जिथे ठरली, त्या ब्रेटन वुड्सच्या परिषदेत ते भारताच्या शिष्टमंडळात होते. त्याच सुमारास त्यांनी कालिदासाचं मेघदूत मराठीत आणलं. १ जानेवारी १९४९ ला रिझर्व्ह बँकेचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हाही गव्हर्नर तेच होते.

१९५० मध्ये नेहरूंनी त्यांना अर्थमंत्री केलं. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत ते कुलाबा जिल्ह्यातून, म्हणजे आजच्या रायगडमधून, लोकसभेवर गेले. १९५५ मध्ये इम्पीरियल बँक सरकारकडे घेऊन स्टेट बँक झाली, तीही त्यांच्याच काळात.

आता येऊ विम्यावर.

भारतात आयुर्विम्याचा धंदा वाढला तो मुंबईतूनच. बॉम्बे म्युच्युअल आणि १८७४ ची ओरिएंटल या इथल्याच कंपन्या. त्याआधी इंग्रज कंपन्या भारतीय माणसाचा विमा उतरवायला नाखूश असायच्या आणि उतरवलाच तर जास्तीचा हप्ता लावायच्या. स्वदेशीच्या चळवळीनंतर देशी कंपन्यांची लाट आली. त्यात चांगल्या होत्या, तशा नुसत्या पाट्या लावलेल्याही होत्या.

आयुर्विम्यात एक मेख आहे. ग्राहक पैसे आज देतो आणि कंपनीने ते परत द्यायचे असतात वीस-पंचवीस वर्षांनी. मधल्या काळात हा सगळा पैसा कंपनीच्या हातात असतो. समजा, गिरगावातला एक कारकून १९३५ पासून दरमहा हप्ता भरतोय. त्याच्या पैशाचं काय चाललंय हे त्याला कळायला काहीच मार्ग नाही. ते कळणार त्याच्या बायकोला, तो गेल्यावर. आणि तेव्हा तिजोरी रिकामी निघाली तर दाद मागायची कुणाकडे?

अनेक कंपन्यांचे मालक नेमका याच गोष्टीचा फायदा घेत होते. विम्याचा पैसा स्वतःच्याच दुसऱ्या कंपन्यांना कर्ज म्हणून द्यायचा, त्यातून शेअर्स घ्यायचे, एजंटांच्या कमिशनवर आणि ऑफिसच्या थाटावर उधळायचा. १९३८ चा विमा कायदा होता, १९५० मध्ये तो आणखी कडकही केला होता. पण पळवाटा काढणारे कायद्याच्या दोन पावलं पुढेच असायचे.

देशमुखांनी पुढे देशासमोर जे आकडे ठेवले, ते ऐकून आजही धक्का बसेल. दहा वर्षांत २५ आयुर्विमा कंपन्या दिवाळखोरीत गेल्या होत्या. आणखी २५ कंपन्यांनी इतका पैसा उडवला होता की त्यांचा धंदा दुसऱ्या कंपन्यांकडे सोपवावा लागला, तोही पॉलिसीधारकांचं नुकसान करून.

डिसेंबर १९५५ मध्ये फिरोज गांधींनी लोकसभेत उद्योगपती रामकृष्ण दालमियांच्या भारत इन्शुरन्स कंपनीचं प्रकरण उघड केलं. पॉलिसीधारकांचे दोन कोटींहून जास्त रुपये मालकाने फिरवले होते. पुढे दालमियांना या प्रकरणात तुरुंगात जावं लागलं.

देशमुखांचं मत तोवर पक्कं झालं होतं. विम्याचा पैसा म्हणजे विश्वस्तनिधी. तो सांभाळणाऱ्याने त्याला स्वतःचं भांडवल समजायचं नसतं. नियम कितीही केले तरी मालकांच्या मनात ही भावना येत नसेल, तर मालकच बदलायला हवा.

पण हे करायचं कसं? आधी कुणकुण लागली तर लबाड कंपन्या पैसा हलवणार आणि हिशेबाच्या वह्या गायब होणार. म्हणून सगळं गुप्त ठेवलं गेलं. पंतप्रधान, अर्थखात्याचे सचिव एच. एम. पटेल आणि मोजके अधिकारी सोडले तर कुणालाही पत्ता नव्हता.

१९ जानेवारी १९५६ च्या संध्याकाळी वटहुकूम निघाला आणि देशमुखांनी रेडिओवरून ही बातमी देशाला सांगितली. आयुर्विमा विकणाऱ्या सगळ्या संस्थांचा कारभार सरकारने ताब्यात घेतला होता. लगेचच सरकारने नेमलेले लोक कंपन्यांच्या ऑफिसांत जाऊन बसले. १५४ देशी कंपन्या, १६ परदेशी कंपन्या आणि ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या, मिळून २४५.

इथे तो आठवडा कुठला होता हेही लक्षात घ्यायला हवं. तीनच दिवस आधी, १६ जानेवारीला, मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवण्याची घोषणा नेहरूंनी रेडिओवरून केली होती. मुंबई पेटली होती, पोलिसांच्या गोळीबारात माणसं मरत होती. देशाच्या विम्याचा सगळ्यात मोठा निर्णय सांगणाऱ्या अर्थमंत्र्याच्या डोक्यात त्याच वेळी हे दुसरं ओझंही होतं.

पुढच्या काही महिन्यांत संसदेने आयुर्विमा महामंडळाचा कायदा केला. सरकारने ५ कोटींचं भांडवल दिलं. कायद्यातलं कलम ३७ पॉलिसीधारकाच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचं होतं. एलआयसीच्या पॉलिसीवरची विमा रक्कम आणि जाहीर झालेला बोनस, दोन्हींची हमी केंद्र सरकारची. म्हणजे गिरगावच्या त्या कारकुनाच्या बायकोला तिजोरी रिकामी सापडण्याची भीती कायमची गेली.

१ सप्टेंबर १९५६ ला एलआयसी सुरू झाली. ५ झोनल ऑफिसं, ३३ विभागीय ऑफिसं आणि २१२ शाखा. मुख्यालय मुंबईत.

पण त्या दिवशी देशमुख अर्थमंत्री नव्हते.

मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी जुलैमध्येच राजीनामा दिला होता. मुंबईचा निर्णय मंत्रिमंडळात नीट चर्चा न होता झाला आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली, हे त्यांना मान्य नव्हतं. लोकसभेत उभं राहून त्यांनी ही कारणं स्पष्ट सांगितली आणि खुर्ची सोडली. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीला या राजीनाम्याने मोठं बळ मिळालं.

एलआयसीला पहिला हादरा बसला तो वर्षभरातच. जून १९५७ मध्ये तिने कलकत्त्याचा शेअर सट्टेबाज हरिदास मुंदडा याच्या सहा कंपन्यांमध्ये सव्वा कोटीच्या आसपास रुपये गुंतवले, तेही स्वतःच्या गुंतवणूक समितीला न विचारता. हे प्रकरणही फिरोज गांधींनीच उघड केलं. न्यायमूर्ती एम. सी. छागलांनी मुंबईत उघड चौकशी केली. ती ऐकायला इतकी गर्दी व्हायची की बाहेर लाऊडस्पीकर लावावे लागले. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना फेब्रुवारी १९५८ मध्ये जावं लागलं.

मालक सरकारी झाला म्हणून विश्वस्ताची भावना आपोआप येत नाही, हे पहिल्याच वर्षी दिसलं. फरक एवढाच की आता पॉलिसीधारकाचा पैसा बुडाला नाही आणि चौकशी चव्हाट्यावर झाली.

मग क्लेमच्या तक्रारी का संपल्या नाहीत?

कारण विमा म्हणजे दोन वेगळी वचनं असतात. पहिलं, पैसा शिल्लक असेल. दुसरं, मागितल्यावर तो मिळेल. देशमुखांनी पहिलं वचन पक्कं केलं. दुसरं वचन काउंटरवरचा माणूस, फॉर्ममधली बारीक अक्षरं आणि कायदा यांच्यावर अवलंबून राहिलं.

याचं जुनं उदाहरण सुप्रीम कोर्टात आहे. १९४५ साली ओरिएंटलकडून घेतलेली २५ हजारांची एक पॉलिसी. विमा उतरवलेला माणूस पुढच्याच वर्षी गेला आणि आजार लपवला म्हणून क्लेम नाकारला गेला. मधल्या काळात ओरिएंटल एलआयसीत विलीन झाली, तसा हा खटलाही एलआयसीकडे आला. १९६२ मध्ये निकाल एलआयसीच्या बाजूने लागला. पण कोर्टाने सामान्य माणसाच्या कामाची एक गोष्ट सांगून ठेवली. दोन वर्षं उलटून गेलेल्या पॉलिसीचा क्लेम नाकारायचा असेल तर माहिती महत्त्वाची होती, ती जाणूनबुजून लपवली आणि फसवण्याच्या हेतूने लपवली, हे तिन्ही दिसायला हवं.

हा सगळा वाद विमा कायद्याच्या कलम ४५ वरचा. २०१५ मध्ये हे कलम बदललं. आता आयुर्विमा पॉलिसीला तीन वर्षं पूर्ण झाली की कुठल्याही कारणाने तिच्यावर शंका घेता येत नाही. मात्र बंद पडलेली पॉलिसी पुन्हा सुरू केली असेल, तर ही तीन वर्षं तिथून मोजली जातात. हप्ता चुकवू नका असं म्हणतात ते याचसाठी.

मेडिक्लेमची गोष्ट वेगळी. देशमुखांनी फक्त आयुर्विमा सरकारी केला होता. साधारण विमा कंपन्या १९७३ मध्ये सरकारकडे गेल्या, मेडिक्लेम आला १९८६ मध्ये आणि २००० नंतर खाजगी कंपन्या परत आल्या.

कंपनी कुठलीही असो, क्लेम नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही. कंपनीने तक्रार फेटाळल्यापासून एक वर्षाच्या आत जायचं, एवढं मात्र पाळायचं. मुंबईतलं लोकपाल ऑफिस सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर आहे.

मंत्रिपद सोडल्यावर देशमुख रिकामे बसले नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले, दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले, इंडिया इंटरनॅशनल सेंटर उभं केलं. पत्नी दुर्गाबाई देशमुख स्वतः घटना समितीच्या सदस्य आणि समाजकार्यातलं मोठं नाव. १९५९ मध्ये चिंतामणरावांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९६९ मध्ये ते राष्ट्रपतीपदाची निवडणूक लढले आणि हरले. १९७५ मध्ये पद्मविभूषण मिळालं.

२ ऑक्टोबर १९८२ ला हैदराबादमध्ये त्यांचं निधन झालं. त्यांनी घालून दिलेली कलम ३७ ची हमी मात्र आजही कायद्यात आहे.