हवाई सिपाही : एअर व्हाइस मार्शल हरजिंदरसिंग

हवाई दलाचा इतिहास म्हटला की वैमानिकांची नावे आपल्या ओठांवर चटकन येतात. ज्यांच्या हातांनी ती विमाने उडण्यायोग्य ठेवली त्यांची आठवण सहसा कोणाला होत नाही. एअर व्हाइस मार्शल हरजिंदरसिंग या दुसऱ्या वर्गातले. अगदी खालच्या पायरीवरून ते एका संपूर्ण कमांडचे प्रमुख झाले, एवढ्यावरही त्यांचे चरित्र लिहिता येईल. परंतु त्यांच्या आयुष्याचे खरे मोल आणि खरा वाद या दोन्ही गोष्टी कानपूरला, १९५९ ते १९६३ या चार-पाच वर्षांत एकवटल्या आहेत. म्हातारी झालेली डाकोटा विमाने काढून त्यांच्या जागी काय आणायचे, आणि ते विकत आणायचे की आपणच बांधायचे, हा तो प्रश्न होता.

१९०९ साली जन्मलेला हा पंजाबी तरुण लाहोरजवळच्या मुघलपुरा येथील मॅक्लेगन कॉलेजात इंजिनिअरिंग शिकला. त्या काळी असे शिक्षण घेतलेल्या मुलाला रेल्वेत किंवा बांधकाम खात्यात चांगली नोकरी ठरलेली असे. हरजिंदरसिंगांनी ती वाट सोडली आणि नव्याने निघणाऱ्या हवाई दलात 'हवाई सिपाही' म्हणून नाव घातले. हवाई सिपाही म्हणजे हाताला तेल-वंगण लागणारा, सर्वांत खालच्या हुद्द्याचा माणूस. पदवीधर इंजिनिअरने शिपाईगिरी पत्करावी हे आजही आपल्या घरांत कोणाला रुचणार नाही. तेव्हा तर तो निव्वळ वेडेपणा ठरला असेल.

१ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोड तळावर हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन उभी राहिली, तेव्हा तिच्याकडे सहा अधिकारी, एकोणीस हवाई सिपाही आणि चार जुनाट वापिती विमाने एवढाच संसार होता. हिंदी माणसाला विमान नीट उडवता येणार नाही आणि नीट राखता तर त्याहून येणार नाही, असे मानणारे इंग्रज अधिकारी थोडे नव्हते. त्यामुळे एखादा नट सैल राहिला तरी तो साऱ्या देशाच्या अंगाला चिकटायचा. पुढे हवाई दलाचे पहिले हिंदी प्रमुख झालेले सुब्रतो मुखर्जी हे त्या सहा अधिकाऱ्यांपैकी एक. मुखर्जी आणि हरजिंदरसिंग यांच्यात हुद्द्याचे मोठे अंतर होते, तरी त्यांची मैत्री याच दिवसांतली. वायव्य सरहद्दीवरच्या मोहिमांत एक उडवी आणि दुसरा राखी.

फेब्रुवारी १९४२ मध्ये हीच स्क्वाड्रन करुण कृष्ण ऊर्फ जंबो मजुमदार यांच्या नेतृत्वाखाली ब्रह्मदेशात टांगू येथे गेली. तिच्याकडची लायसँडर विमाने सैन्यासाठी टेहळणी करण्याकरिता होती, बाँबफेकीसाठी नव्हे. या विमानांना जागेवरच अडीचशे पौंडी बाँब बसवून सयामच्या हद्दीतील जपानी तळावर हल्ले चढवण्यात आले. वैमानिकांचे शौर्य सर्वांनी वाखाणले, आणि ते योग्यच होते. पण ज्या विमानाच्या रचनेत ते ओझे धरलेलेच नव्हते, त्याला ते सुरक्षितपणे टांगून देणारे वॉरंट ऑफिसर हरजिंदरसिंग आणि त्यांचे सिपाही त्या पराक्रमात बरोबरीचे भागीदार होते. युद्धकाळातच त्यांना अधिकारीपद आणि एम.बी.ई. हा किताब मिळाला. पुढे ते स्वतः विमान चालवायलाही शिकले.

स्वातंत्र्यानंतर डाकोटा हे आपल्या वाहतुकीचे मुख्य वाहन झाले. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख पलटणीचे जवान श्रीनगरला उतरले ते डाकोटांतून. पुढच्या वर्षी मेहरसिंगांनी लेहच्या वाळूवर उतरवली तीही डाकोटाच. या विमानाचा मूळ नमुना १९३५ च्या डिसेंबरात प्रथम उडाला होता आणि आपल्याकडची विमाने महायुद्धात बांधलेली, म्हणजे एक आयुष्य आधीच जगून आलेली होती. पिस्टन इंजिने, उंचीवर कमी पडणारी ताकद, आणि कारखाने केव्हाच बंद झालेले सुटे भाग. युद्धानंतर मागे राहिलेल्या मालातून भाग जमवायचे, नाही तर एक विमान मोडून दुसरे जगवायचे, हा नित्याचा मार्ग होता. मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय तेव्हा कानपूरला होते (पुढे ते आपल्या नागपूरला आले आणि आजही तेथेच आहे). तिचे प्रमुख या नात्याने या हालाखीची हरजिंदरसिंगांइतकी माहिती दुसऱ्या कोणाला असणे कठीण होते. डाकोटा किती दिवस चालेल हा प्रश्न त्यांच्यापुढे रोज येत असे. याच काळात त्यांनी कानपूरच्या कर्मशाळेत 'कानपूर-१' नावाचे चार आसनांचे एक छोटे विमानही स्वतःच्या आराखड्यावर बांधून पाहिले. मोठ्या विमानाची ती रंगीत तालीमच म्हणायला हरकत नाही.

डाकोटाची जागा घेणारे विमान शोधताना जगात पर्याय होते. हॉलंडचे फोकर फ्रेंडशिप १९५५ पासून उडत होते. इंग्लंडच्या ॲव्रो कंपनीचे ७४८ हे विमान मात्र अजून कागदावर होते. लष्करी कामे आटल्यामुळे ती कंपनी मुलकी विमानांकडे वळली होती आणि तिलाही गिऱ्हाईक हवेच होते. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन आणि हरजिंदरसिंग यांनी कौल दिला तो या कागदावरच्या विमानाला. जुलै १९५९ मध्ये करार झाला. अट अशी की विमाने भारतात बांधायची. विमानाला रोल्स-रॉइसची दोन डार्ट टर्बोप्रॉप इंजिने होती. हीच इंजिने इंडियन एअरलाइन्सच्या व्हायकाउंट विमानांवर आधीपासून होती, तेव्हा ती अगदीच अनोळखी नव्हती.

या निर्णयातील धाडस नीट लक्षात घेतले पाहिजे. विमानबांधणीचा अनुभव होता तो बंगलोरच्या कारखान्याला. काम दिले गेले ते कानपूरला, हवाई दलाच्या स्वतःच्या हाताखाली, महायुद्धातल्या रिकाम्या हँगरांत. जानेवारी १९६० मध्ये डेपो सुरू झाला. इंग्लंडमध्ये पहिले ॲव्रो उडाले ते २४ जून १९६० ला, आणि १ नोव्हेंबर १९६१ रोजी कानपूरला जोडलेले पहिले ॲव्रो आकाशात गेले. डेपोच्या स्थापनेपासून दोन वर्षेही झाली नव्हती. पहिल्या विमानाचे भाग बहुतांशी विलायतेहून आलेले होते हे खरे. तरीही वापितीच्या पंखाखाली उभ्या राहिलेल्या त्या सिपाह्याला त्या दिवशी काय वाटले असेल याची कल्पना आपल्याला करता येते. ते पाहायला मुखर्जी मात्र नव्हते. वर्षभरापूर्वी, ८ नोव्हेंबर १९६० रोजी, टोकियोत जेवताना घशात घास अडकून त्यांचा अकाली अंत झाला होता.

येथवरची कथा गौरवाची आहे आणि बहुतेक लेख येथेच थांबतात. पण लष्कराला विमान कशासाठी हवे असते? जीप, तोफ, दारूगोळ्याच्या पेट्या चढवायला आणि वेळ आली तर हवेतून खाली सोडायला. ॲव्रो हे मुळात प्रवासी विमान. त्याचे दार बाजूला, आणि शेपटीखाली उघडणारा उतार त्याला नव्हताच. इंग्लंडच्या हवाई दलाने पुढे हेच विमान घेताना शेपूट बदलून, मागे उतार बसवून त्याचे 'अँडोव्हर' करून घेतले. आपण तसे केले नाही. ऑक्टोबर १९६२ मध्ये चुशूलच्या रक्षणासाठी एएमएक्स रणगाडे वर न्यायचे होते तेव्हा ते रशियाकडून नुकत्याच घेतलेल्या आंतोनोव-१२ विमानांतून गेले. नेफात रसद टाकायला डाकोटा आणि पॅकेट विमानेच राबली. पॅकेटला डोंगर चढता यावेत म्हणून तर त्याच्या पाठीवर एक जादा जेट इंजिन बसवावे लागले. ज्या ॲव्रोवर एवढी जिद्द खर्ची पडली ते या परीक्षेला वेळेवर पोहोचले नाही, आणि पोहोचते तरी डोंगरातले ते काम त्याच्या आवाक्यातले नव्हते. त्या युद्धानंतर मेनन यांना मंत्रिपद सोडावे लागले आणि ॲव्रोच्या मागचा मोठा आधार गेला.

म्हणून हरजिंदरसिंग चुकले असे म्हणायचे का? माझ्या मते विमानाच्या निवडीत ते चुकले. कारखान्याला कोणते विमान झेपेल याचा विचार त्यांनी आधी केला आणि सैन्याला कोणते हवे याचा मागाहून. परंतु ज्याचे अर्धे आयुष्य परक्या देशाच्या सुट्या भागांची वाट पाहण्यात गेले, त्याने हा क्रम लावला यात नवल नाही. आपल्या हातांना हे जमते हे एकदा सिद्ध केल्यावाचून पुढचा कोणताच विचार त्यांना करता येत नसावा. आयते विमान कदाचित लवकर आले असते. कानपूरला विमान बांधणारी माणसे मात्र त्यामुळे तयार झाली नसती. या दोहोंत काय पत्करावे याचे उत्तर इतक्या वर्षांनीही मला सोपे वाटत नाही.

हरजिंदरसिंग निवृत्त झाल्यानंतर, १९६४ मध्ये, कानपूरचा कारखाना हवाई दलाकडून सरकारी विमान कंपनीकडे गेला. तेथे १९८४ पर्यंत ८९ ॲव्रो तयार झाली. त्यांतील ७२ हवाई दलाला मिळाली आणि उरलेली १७ इंडियन एअरलाइन्सला, जिने खुशीने आधी फोकरच घेतली होती. नंतरच्या काही विमानांना मालासाठी मोठे दार बसवण्यात आले. प्रशिक्षण, दळणवळण आणि मंत्र्यांचे दौरे या कामांत ॲव्रो चांगले रुळले. डाकोटाला मात्र ते हटवू शकले नाही. हरजिंदरसिंग १९७१ च्या सप्टेंबरात वारले आणि त्यानंतर तीनच महिन्यांनी बांगलादेशात टांगाईल येथे छत्रीधारी सैनिक उतरले, तेव्हा त्या ताफ्यात डाकोटा होतीच.

आता ॲव्रोलाच म्हातारपण आले. सप्टेंबर २०२१ मध्ये त्याच्या जागी ५६ सी-२९५ विमाने घेण्याचा करार एअरबस कंपनीशी झाला. पहिली १६ स्पेनहून आली आणि बाकीची ४० वडोदऱ्याला टाटांच्या कारखान्यात बांधायची ठरली आहेत. या विमानाला शेपटीखाली उघडणारा उतार आहे.