चहाचा रंग बघणारा चेअरमन: जेआरडी टाटा

मागच्या महिन्यात जुने शहर, अकोल्याहून निघून मुंबईत अमेरिकेचं विमान पकडलं. पंधरा-सोळा तास, इकॉनॉमीची मधली सीट. मोबाईलमध्ये जेआरडींवरचं पुस्तक होतं, तेच वाचत बसलो.

जन्म १९०४, पॅरिस. १९२९ मध्ये भारतातलं पहिलं पायलट लायसन्स त्यांनाच मिळालं. १५ ऑक्टोबर १९३२ ला एका इंजिनाच्या पुस मॉथमध्ये टपाल घेऊन ते कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला आले. ८ जून १९४८ ला त्यांच्या एअर इंडियाचं मुंबई-लंडन विमान सुरू झालं. वाटेत कैरो आणि जिनिव्हा. १९५३ मध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली, तरी १९७८ पर्यंत चेअरमन तेच होते.

आणि हा माणूस प्रवासात काय बघायचा? चहाचा रंग, सीट किती मागे झुकते ते. उतरला की साहेबांना पत्र! १९९३ मध्ये जिनिव्हात ते गेले.

मला आई आठवली. मी बनवलेलं ॲप तिच्या जुन्या फोनवर उघडतच नाही, असं ती कधीची सांगत होती. मी म्हणायचो, फोन बदल. उतरल्यावर पहिला फोन तिलाच लावला. विचारलं, "नेमकं कुठे अडकतं गं?"