डॉ. होमी भाभा : मुंबईतल्या पहिल्या संगणकामागचा माणूस

नामपूर : बाजारात कांद्याचा लिलाव होतो न होतो तोच भाव मळ्यातल्या मोबाईलवर येऊन पडतो. एका जागचं यंत्र दुसऱ्या जागच्या यंत्राशी बोलतं, म्हणून हे जमतं. आपल्या देशात या कामाचा पाया ज्या संस्थेत घातला गेला, ती डॉ. होमी जहांगीर भाभा यांनी उभी केली.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा, मुंबईच्या पारशी घरातला. इंग्लंडात केंब्रिजला शिकले, तिथंच संशोधनात नाव झालं. १९३९ साली सुट्टीत घरी आले आणि महायुद्ध पेटलं. परतीचा रस्ता बंद झाला. युद्ध संपल्यावर ते पुन्हा जाऊ शकले असते, पण गेले नाहीत. टाटांच्या ट्रस्टकडे मदत मागून १९४५ मध्ये त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू केली.

अणुशक्तीचं काम म्हणजे आकडेमोडीचा डोंगर. त्यासाठी संगणक इथंच बनवायचं ठरलं. आर. नरसिंहन यांच्या हाताखाली तरुण अभियंते कामाला लागले. १९६० मध्ये यंत्र पूर्ण झालं, पुढं त्याला टिफ्रॅक नाव मिळालं. खोली भरेल एवढं ते धूड, पण स्मृती फक्त २०४८ शब्दांची. १९६४ मध्ये अमेरिकेचा मोठा संगणक आला. देशभरातल्या संस्थांना मात्र आपलं गणित घेऊन मुंबई गाठावी लागायची. यंत्र होतं, तार नव्हती.

ती तार बघायला भाभा राहिले नाहीत. २४ जानेवारी १९६६ रोजी युरोपातल्या माँ ब्लाँ डोंगरावर विमान कोसळून ते गेले. वय अवघं ५६. अमेरिकेत अर्पानेटवरून पहिला संदेश गेला तो २९ ऑक्टोबर १९६९ ला. दुसऱ्या दिवशी भाभांना साठ वर्षं पूर्ण झाली असती.

त्यांनी स्वतः नेटवर्क बांधलं नाही. पण त्यांच्या संस्थेत तयार झालेली माणसं पुढं आली. १९८६ साली अर्नेट सुरू झालं. आयआयटी आणि संशोधन संस्था त्यानं जोडल्या, सुरुवातीला साध्या टेलिफोनच्या लाईनवरून. सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ पासून.

आंब्याचं झाड लावणाऱ्याला फळ खायला मिळतंच असं नाही. भाभांचंही तसंच झालं. मळ्यात बसून भाव बघताना एवढं ध्यानात राहिलं तरी पुष्कळ.