गोपीनाथ कविराज

महामहोपाध्याय गोपीनाथ कविराज (७ सप्टेंबर, १८८७ - १२ जून, १९७६) हे संस्कृत पंडित, भारतीय दर्शनांचे अभ्यासक आणि तंत्रशास्त्राचे भाष्यकार होते. वाराणसी येथील शासकीय संस्कृत महाविद्यालयाचे प्राचार्यपद मुदतीपूर्वी सोडून त्यांनी उर्वरित आयुष्य तंत्र आणि योग यांची साधना, संशोधन व अध्यापन यांत घालवले.

जीवन आणि शिक्षण

गोपीनाथांचा जन्म ढाका जिल्ह्यातील (आता बांगलादेशात) धामराई या गावी झाला. त्यांच्या जन्मापूर्वीच वडिलांचे निधन झाले होते. बंगालमधील शालेय शिक्षणानंतर ते जयपूरला गेले व तेथील महाराजा महाविद्यालयात शिकले. पुढे वाराणसीच्या क्वीन्स कॉलेजात त्यांना आर्थर व्हेनिस यांचे मार्गदर्शन लाभले. १९१३ साली ते अलाहाबाद विद्यापीठाची एम.ए. परीक्षा प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाले.

सरस्वती भवन

१९१४ साली ते सरस्वती भवन या हस्तलिखित-ग्रंथालयाचे ग्रंथपाल झाले. १९२३ ते १९३७ या काळात ते संस्कृत महाविद्यालयाचे प्राचार्य होते. गंगानाथ झा यांच्यासारख्या विद्वानानंतर हे पद त्यांच्याकडे आले होते. सरस्वती भवन ग्रंथमालेचे संपादन करताना त्यांनी न्याय-वैशेषिक दर्शनांच्या इतिहासावर लेखन केले, तसेच 'योगिनीहृदय' हा शाक्त ग्रंथ अमृतानंद आणि भास्करराय यांच्या टीकांसह प्रसिद्ध केला. १९३४ साली त्यांना महामहोपाध्याय ही पदवी मिळाली.

दीक्षा आणि पदत्याग

१९१८ साली त्यांनी स्वामी विशुद्धानंद परमहंस यांच्याकडून दीक्षा घेतली. त्यानंतर सुमारे दोन दशके ते दिवसा महाविद्यालयाचा कारभार पाहत आणि उरलेल्या वेळात साधना करीत. पॉल ब्रंटन या इंग्रज लेखकाने विशुद्धानंदांची भेट घेतली, तेव्हा दुभाष्याचे काम गोपीनाथांनीच केले होते.

त्या काळी तंत्र म्हणजे जारणमारण किंवा अनाचार, अशी समजूत सुशिक्षित समाजात रूढ होती. मान्यवर प्राचार्याने या विषयाला वाहून घेणे म्हणजे मिळवलेली प्रतिष्ठा पणाला लावणे होते. शिवाय नियमित वेतनही सुटणार होते. तरीही १९३७ साली, वयाच्या पन्नाशीत, त्यांनी स्वेच्छेने निवृत्ती घेतली. ते वाराणसीतच राहिले. जिज्ञासू व विद्यार्थी त्यांच्या घरी येत आणि तेथेच त्यांचे अध्यापन चाले.

विचार

तंत्र हे दर्शन आणि साधना या दोन्ही अंगांनी समजून घ्यावे लागते, असे त्यांचे मत होते. केवलाद्वैत वेदान्तात जग मायिक ठरते. शाक्त आणि काश्मीर शैव मतांत मात्र तेच जग शक्तीचा आविष्कार मानले जाते. हा भेद त्यांनी मूळ ग्रंथांच्या आधारे विशद केला. शक्तिपात, मंत्र, कुंडलिनी यांसारख्या संज्ञांचा अर्थ लावताना त्यांनी शैव, शाक्त, वैष्णव आणि बौद्ध परंपरांची तुलना केली. एकट्या साधकाच्या मुक्तीने साधनेची पूर्तता होत नाही, तिचे ध्येय समस्त जीवांचे रूपांतर असले पाहिजे, ही भूमिका त्यांनी 'अखंड महायोग' या संकल्पनेतून मांडली.

ग्रंथ आणि सन्मान

त्यांनी बंगाली, हिंदी, इंग्रजी व संस्कृत या भाषांत लेखन केले. 'तांत्रिक वाङ्मय में शाक्त दृष्टि' या ग्रंथासाठी त्यांना १९६४ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण देऊन गौरवले. १९७१ साली ते साहित्य अकादमीचे फेलो झाले. तंत्रग्रंथ व त्यांची हस्तलिखिते यांची माहिती देणारा 'तांत्रिक साहित्य' हा सूचिग्रंथ १९७२ साली प्रसिद्ध झाला. विखुरलेल्या पोथ्यांचा शोध घेणाऱ्या अभ्यासकांना तो उपयुक्त ठरला.

वार्धक्यात ते वाराणसीतील आनंदमयी माँ यांच्या आश्रमात राहत असत. १९७६ साली वाराणसीत त्यांचे निधन झाले. भारतीय टपाल खात्याने १९८८ साली त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.